वाहन क्रमांक नाही

तासगावच्या बाहेर, मणेराजुरीच्या रस्त्याला
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या फाटकात
साठ टनी काट्याची खोली. तीत मी,
एक पंखा, एक खिडकी,
आणि बिजागर तुटलेला लॅपटॉप,
मागं विटेचा टेका दिलेला.

सोमवारी रात्री त्यानं न विचारता अपडेट घेतलं.
सकाळी म्हणाला, सगळं तयार आहे.
खरमाट्यांचा टेम्पो काट्यावर चढला, थांबला,
आणि पडदा निळा.
त्यावर एक आडवं पडलेलं रडकं तोंड,
दोन टिंबं आणि एक कंस,
कुणाच्या तरी मयताला आल्यासारखं.

बंद करून चालू केला.
पुन्हा चालू केला.
हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग पार पुलापर्यंत गेली,
मी पावत्या हातानं लिहिल्या, कार्बन घालून,
बोटं निळी होईतो.

दुपारी मोबाईलवाला इंद्रजित आला.
रॅम काढून खोडरबरानं घासली,
पंख्यातनं दोन बेदाणे निघाले, एक त्यानं खाल्ला.
"फॉरमॅट मारू का?"
चार वर्षांची वजनं आहेत यात, म्हटलं,
तुझ्या दुकानाला मारीन फॉरमॅट.

सेफ मोडमध्ये मात्र नीट चालायचा.
सेफ मोडमध्ये कोण नीट चालत नाही?
सासरी पहिले आठ दिवस मीही.

बाबगोंडा शेठ म्हणाले, नवा घेऊ,
आणि नेहमीसारखे
नवा न घेता घरी गेले.

रात्री मी मुद्दाम बसून राहिले.
सगळं जोडून ठेवलं: माऊस, प्रिंटर, काट्याची वायर.
नऊ वाजले, अकरा, एक.
एकदाही पडला नाही.
मला त्याचा राग आला.
दिवसभर माझी फजिती करून
आता हा कुणाला दाखवतोय?

अडीचच्या सुमाराला
वॉचमनचं भुरं कुत्रं काट्यावर चढलं.
दिवसभर तापलेल्या लोखंडात ऊब राहते अजून.
ते गोल फिरलं, बसलं, हललं नाही.
बाहेरच्या लाल आकड्यांत वीस दिसलं, स्थिर झालं.
आणि माझ्या मागं
खोली निळी झाली.

मी कुत्र्याकडं बघितलं. कुत्र्यानं माझ्याकडं.

मग त्याला हाकललं,
लॅपटॉप उठू दिला,
चपला काढल्या, का कुणास ठाऊक,
आणि जिथं ट्रक उभे राहतात तिथं
मधोमध जाऊन उभी राहिले.
इतकं मोठं लोखंड, आणि वर एकटी मी.
पन्नास.
आकडा थरथरला, थांबला.
खिडकीत निळा उजेड.

वायर उपटून पुन्हा उभी राहिले.
पन्नास. खिडकीत काही नाही.
तिथंच हसले, मोठ्यानं,
वॉचमननं टॉर्च मारली.

सकाळी सहाला कुपवाडच्या आवटी काकांना फोन.
काटा त्यांनीच बसवलेला. "व्हय, ती जुनी वायर.
तिचा जुनाच ड्रायव्हर पायजे, पोरी.
अपडेटनं नवा घातला असंल,
त्याला तिची बोली कळंना झाली."

मागच्या ड्रायव्हरवर परत जायचं बटण दाबलं.
परत का जाताय, असं त्यानं विचारलं,
पाच-सहा कारणं समोर मांडली.
त्यात कुत्रं नव्हतं, पूल नव्हता,
काट्यावरचे अनवाणी पाय नव्हते.
शेवटच्या ओळीवर टिचकी मारली: इतर.

अजून एकही गाडी आली नव्हती,
म्हणून पुन्हा मीच गेले.
उभी राहिले. परत आले.
पडदा तसाच, शांत,
आणि यादीत नवी ओळ:
सहा वाजून बावन्न मिनिटं, पन्नास किलो,
वाहन क्रमांक नाही, माल नाही.

संध्याकाळी शेठनी चष्मा वर करून विचारलं,
"रेहाना, हे पन्नास किलो कुणाचं?"

कुत्र्याचं, म्हणाले.

ते बराच वेळ
फाटकातल्या भुऱ्याकडं बघत राहिले.