किलोमीटरला दोनशे

येमूलमामांनी टॉवेलच्या खोक्याचं झाकण फाडलं
आणि त्याच्या पाठीवर बिल लिहिलं:
चेन साडेनऊशे, हँगर सहाशे,
मागचं बेअरिंग सातशे वीस,
ब्रेक पॅड दोन जोड, सहाशे चाळीस,
मजुरी तीनशे.
वरचे दहा सोडले,
पण सोडताना असं बघितलं
की मीच कुठूनतरी काही चोरून आणलंय.

"पाणी पडलालंय रात्रभर
आणि तुम्ही सायकल काढलात."
एवढंच. मग पान्याचा आवाज.
पंचवीस वर्षं मागांवर जॉबर होते ते,
तुटलेला धागा आणि तुटलेली कडी
त्याच दोन बोटांनी चाचपतात.

शनिवारी उत्तरा बरसून गेलं होतं.
रविवारी सहाला आभाळ अगदी निष्पाप.
हिप्परग्याच्या तलावामागचा माळ मुरमाचा,
पाणी पितो आणि विसरून जातो.
चाक करकरत छान पळालं.
टिटव्या ओरडत होत्या. ओरडू देत म्हटलं.

मग मुरूम संपला.
तिथे दगड नाही, पाटी नाही,
नुसता रंग बदलतो, तांबूस होता तो काळा होतो,
आणि मी, शाळेच्या प्रयोगशाळेत
अठरा वर्षं लिटमस बघणारी बाई,
रंग बदललेला दिसूनही उतरले नाही.

वीस फूट गेले असेन.
टायर जाडजूड झालं, मग फोर्कला घासायला लागलं,
मग चाक फिरायचंच थांबलं.
मी मांड्यांचा हट्ट धरला, पॅडलवर उभी राहिले.
मागे काहीतरी कट्‌कन मोडलं.
हँगर. तेव्हा मला नाव माहीत नव्हतं,
सहाशे रुपयांचा आवाज तेवढा ओळखीचा झाला.

चौदा किलोची सायकल
चिखलानं वीसच्या पुढे गेलेली, खांद्यावर.
चपलेखाली माती, मातीखाली आणखी माती,
प्रत्येक पावलाला मी थोडी उंच होत होते.

बांधावर सुगलाबाई.
डोक्यावर पोत्याची खोळ, हातात खुरपं.
"काय करलालीस गं?"
"चिखल झालाय, घरी जाऊन काढते."
"चिखल न्हाई. माती हाय ती माझी.
निघालीस घिऊन? हितंच टाक."

हसेल म्हणून थांबले. हसली नाही.
एक तुरकाठी मोडून हातात दिली.
मग मी बांधावर बसून
टायरच्या नक्षीतून, ब्रेकच्या मागून,
पॅडलच्या खोबणीतून उकरत राहिले
आणि ती वरून दाखवत राहिली,
"त्या दांड्याखाली. हं. अजून हाय."
पाटी भरली.
ती उचलून तिनं माझ्या चाकानं
बांधाला पाडलेल्या खाचेत ओतली,
टाचेनं दाबली, पुन्हा दाबली.
"पाणी हितनंच फुटणार हुतं," म्हणाली,
माझ्याकडे न बघता,
आणि परत खुरपायला बसली.

सोळा किलोमीटर, बत्तीसशे रुपये.
किलोमीटरला दोनशे पडले,
त्यातले पाच तर तीच माझ्यावर बसून आली.
हा हिशेब मी दुकानात मोठ्यानं करून दाखवला.
मामा हसले, पहिल्यांदाच,
आणि फोडलेल्या बेअरिंगमधलं काळं लगदं
कागदावर पुसून पुढे सरकवलं.
"ही बघा, कुरूंद झालीय. हीच लोखंड खाते."

कागदाची पुडी केली मी. का, ते नका विचारू.
सोमवारी, मुलं यायच्या आत,
प्रयोगशाळेतल्या तराजूवर ठेवली:
वाळून तीन पूर्णांक चार ग्रॅम.
बिलात तिच्यासाठी ओळ नव्हती.

आज शनिवार. पत्र्यावर पुन्हा वाजतंय.
सायकल खिळ्याला, नवी चेन तेलानं चकचकीत.
माळ परवापर्यंत वाळेल.
काळं रान अजून दहा दिवस तरी नाही.
पुडी पर्समध्येच आहे, डब्याखाली,
पावतीबरोबर.