दुसरी नळी

माल्मोच्या इस्पितळात
इंगेगेर्डला पलंगाला बांधून
पलंगच उभा करतात.
आडवी असताना एक नळी रक्त,
उभी असताना दुसरी.
जांभळी बुचं, बर्फाचा डबा.

तीनदा पडली ती.
एकदा तर चर्चमध्ये, ऑर्गन वाजवताना :
कोपराखालच्या पट्ट्यांनी
कुणी उचलेपर्यंत गळा काढला होता.
हृदयाचा आलेख स्वच्छ. मेंदूचाही.
"मनाचे खेळ," पहिला डॉक्टर म्हणाला.

अकराव्या मिनिटाला घाम,
कानांत कापूस,
पुढचं तिला ठाऊक नाही.

आठवड्याने कागद येतो.
दुसऱ्या नळीत एक संप्रेरक चौपट,
शुद्ध जायच्या आधीच चढलेलं.

ती आकड्यावर बोट ठेवते.
म्हणजे याला माहीत होतं,
म्हणते, आणि मलाच तेवढं...

खुर्चीचा हात धरून
बेतानं उठते.