साडेसोळा

ग्राशियाना एचेतोने ट्रक उलटा लावला
दुकानाच्या दारात, माझ्याकडे पाठ करून.
तिचा बाप असाच लावायचा; निघताना सोपं जातं म्हणे.
चौऱ्याहत्तरचा फोर्ड, पाऊण टनी, चारही चाकं ओढणारा.
हौद्यात मेंढ्यांच्या मिठाचा ठोकळा, एक कुत्रा.
टायरांच्या कडा आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या
तडकलेल्या.

"चार हवेत," म्हणाली. "हेच."

हेच तर मिळत नाहीत.
साडेसोळा इंची रिम. कोणे एके काळी
कुणा शहाण्याला अर्धा इंच सुचला,
कारखान्यांनी काही वर्षं तो ओतला, विकला,
आणि मग सगळं जग गुपचूप सोळावर परत गेलं.
मागे राहिला तो अर्धा.
विनेमक्कापासून ओरेगॉनच्या हद्दीपर्यंत
गोठ्यागोठ्यांत विटांवर उभा आहे तो.

"मग सोळाचा चढव."

चढतो, ग्राशी. घोटाळा तोच आहे.
सोळाचा टायर साडेसोळाच्या रिमवर चढतो,
बसत मात्र नाही.
हवा भरत जाते, काटा सरकत जातो,
माणूस वाकून बघतो आता टक् होईल म्हणून –
मी डावा हात काउंटरवर ठेवला.
तीन बोटं.
तिने ती याआधी हजारदा पाहिली होती. आज मोजली.

तर रिमही नवे.
आठ नटांचे, साधे पोलादी.
मधलं भोक एवढं, की हबचं नाक बाहेर यावं,
नाहीतर बर्फात खाली उतरून
पुढची चाकं जोडणार कुठून?
तिचा भाचा बेन्याट मध्येच म्हणाला, रुंद घे,
काळे घे, बाहेर फुगलेले, शहरात तसलेच दिसतात.
शहरात दिसतात, हे खरं.
पण पॅराडाइझ व्हॅलीच्या मार्चच्या चिखलात
रुंद टायर वर तरंगतो, बोलघेवड्या पाहुण्यासारखा,
आणि तिथेच बसतो.
अरुंद खाली जातो. चिखल कापत
खालच्या कडक जमिनीला शोधतो.
उंच आणि अरुंद. मी एवढंच म्हणालो.
तिच्या बापाची अंगकाठी तशी होती, हे नंतर लक्षात आलं.

"स्टेपनी जुनीच राहू दे. पैसे वाचतील."

नाही राहत.
हा ट्रक चारही पायांनी ओढतो.
एक जरी ठेंगणं निघालं
तर पोटातले दाते आपसात भांडतात,
आवाज येत नाही, फक्त एक दिवस
चढणीच्या मध्यावर काहीतरी तुटतं.
ती हसली. चौघं भावंडं आम्ही, म्हणाली,
हे मला कशाला सांगतोस.

पाच, मग. मी लिहिलं. रक्कम लिहिली.
तिने आकडा पाहिला, कुत्र्याकडे पाहिलं,
चष्मा काढून पुन्हा आकडा पाहिला.
एवढ्यात मेंढे येतात, म्हणाली. दोन.
आणि चेक फाडला.

गुरुवारी चाकं आली. जुनी उतरवली तेव्हा
चौथ्या रिमच्या आत, ड्रमच्या बाजूला,
पिवळ्या खडूने, खरं तर मेंढ्यांवर खूण करायच्या रंगाने
तारखा निघाल्या. चाकं फिरवल्याच्या.
एकोणऐंशी, ब्याऐंशी, शहाऐंशी. शेवटची अर्धीच.
महिना आहे, साल नाही.
मी पुसायला चिंधी उचलली होती, सवयीने.
ठेवली.

तिला एक गोष्ट सांगावी लागली:
नवी चाकं दोन इंचांनी उंच आहेत.
काटा पन्नास दाखवेल तेव्हा
तू चौपन्नच्या जवळ असशील.
मैलही थोडे कमीच मोजले जातील.
म्हणजे तू नेहमी
दिसतेस त्यापेक्षा पुढे गेलेली.

"दुरुस्त होतं का?"
होतं. स्पीडोमीटरचं छोटं गिअर बदलायचं. चाळीस डॉलर.

तिने किल्ली फिरवली, कुत्र्याला आत घेतलं.
"राहू दे," म्हणाली. "आबाचं घड्याळही
आयुष्यभर दहा मिनिटं मागेच होतं."

जुनी चाकं तिने हौद्यात मोजून चढवली,
माझी मदत न घेता.
मग सरळ पुढे निघाली.
उलटं लावलेलं असलं की हे सोपं जातं.