कारणाचा रकाना

नोंदवहीत पाच रकाने:
तारीख, मालक, जनावर, लक्षण, कारण.
पहिले चार मी पटापट भरतो.

चिकोत्रेच्या वरच्या अंगाला
मनोऱ्याच्या चार पायांत
तायाप्पा रानग्यांची वाघर लागलेली असते.
बाकी सगळा ऊस.
तारांखालची पट्टी तेवढी कुणी लावली नाही,
म्हणून चारा उरला तो इथंच.

धुकं पडलं की तारा बोलतात,
तापल्या तेलात जिरं टाकावं तशा.
नाही, लगमव्वा म्हणतात तेच खरं:
"रातभर कोण तर दात खातंय वर, डॉक्टर."
मी डॉक्टर नाही. सुया टोचतो.

यंदा सात बकरी गाभडली.
नमुने पुण्याला पाठवले.
एकात जंतू निघाला. सहांत काही नाही.
काही नाही, असं छापून आलं, सहीशिक्क्यासह.

कंपनीचा पोरगा आला मीटर घेऊन.
आकडा मर्यादेत होता.
"कुणाच्या? माणसाच्या का बकऱ्यांच्या?"
तायाप्पांनी विचारलं.
तो हसला नाही. इचलकरंजीचा होता, चांगल्या घरचा.
म्हणाला, "तसं वेगळं लिहिलेलं न्हाई कुठं, मामा."

त्या रात्री यल्लूनं शाळेतली उडालेली ट्यूब आणली
आणि तारांखाली नुसती उभी धरली.
पेटली.
फिकट, तापकऱ्याच्या नखासारखी.
कुत्रं मागं सरलं.
लगमव्वांनी त्या उजेडात हात धरला,
आधी पालथा, मग उताणा,
आत काही दिसतंय का बघायला.

त्यांचं डोकं दुखतं. मी गोळी देतो.
डोकं उन्हानंही दुखतं,
उपाशी पोटीही, सात कोकरं पुरल्यावरही.
"वाघर हलवा," म्हणालो एकदा.
त्यांनी हात लांब करून
चारी दिशांचा ऊस दाखवला
आणि माझ्यासाठी चहा ठेवला.

रिकामा रकाना साहेब परत पाठवतात.
मी "तार" लिहितो, खोडतो.
"अज्ञात" लिहितो.
वीस वर्षांत हा शब्द
इतक्या वेळा लिहिलाय
की तो एखाद्या रोगाचं नाव वाटतो.

परतताना गाडी नेमकी तारांखाली बंद पडली.
किक मारता मारता पाहिलं,
हातावरची लव उभी राहिलेली.
गारवा असेल. माळावर असतोच.
बाही खाली ओढली,
बटण लावलं.