सावलीची डबी

पहिली ऑर्डर आली तेव्हा
माझ्याकडे ब्रश बारा होते, आरसा एकही नव्हता.
मावसभावाच्या मोटरसायकलचा डावा आरसा
पान्याने काढून घेतला.
तो अजून म्हणतो, तुझ्या धंद्यात माझी अर्धी भागीदारी.

त्याआधी नागपूर, तीन महिने.
सीताबर्डीत, वरच्या मजल्यावर, एसीत,
आम्ही अकरा जणी शिकलो एकमेकींच्याच तोंडावर.
मॅडमनी माझं "करतो" सोडवलं, "करते" म्हणायला लावलं.
म्हणायच्या, बेस म्हणजे पाया, पाया पक्का तर घर पक्कं.
आमच्याकडे घरं कुडाची असतात,
हे मी बोलले नाही.

लाखांदूरच्या अलीकडे बस सोडली.
मे महिना. पेटी डोक्यावर घेतली,
हँडल हाताला भाजत होतं.
पोरं मागे लागली,
"जादूवाली आली वो, जादूवाली!"

नवरीचं नाव हेमेश्वरी.
पंधरा दिवस तेंदूपत्ता तोडून आलेली.
मेंदी नखांपाशी येऊन थांबली होती,
तिथे आधीच दुसरा रंग बसलेला.
मानेवर सरळ रेष.
वर उन्हातली मुलगी, खाली घरातली.

पेटी उघडली.
आयव्हरी. बेज. सँड. नॅचरल.
नॅचरल तिच्या गालावर टेकवलं
तर ते रांगोळीच्या ठिपक्यासारखं
एकटंच उभं राहिलं.
मग हाताच्या पाठीवर मिसळत गेले,
बेजमध्ये थोडी लिपस्टिक,
हळदीची वाटी समोर होती, तीही.
सगळ्याची राख झाली.
बाहेर बँडवाला पिपाणी फुंकून बघू लागला.
लाइट गेली.
कूलर दोन फेरे आपल्याच जोरावर फिरला.

तळाशी कॉन्टूरची डबी होती.
ही सावली, मॅडम म्हणायच्या,
नाकाच्या कडेला एवढीशी, जबड्याखाली एवढीशी,
जे लपवायचं तिथेच.
बोटावर घेतली, गालावर लावली.
दिसेना.
पुन्हा लावली.
दिसेना.
जी लावून दिसत नाही ती तिची शेड,
हेही मॅडमच म्हणाल्या होत्या,
दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी.

तर मी सावली सगळीकडे लावली.
कपाळ, गाल, गळा,
रेषेच्या वर आणि रेषेच्या खाली,
दोन्ही मुली एक होईपर्यंत.
गाडीच्या त्या फुगीर आरशात
ती, मी, खिडकी, खिडकीतली पोरं, सगळे मावलो.
हेमी काही बोलली नाही.
ओठांवरून जीभ तेवढी फिरवली.
मी ओरडले, अगं लिपस्टिक!
आणि दोघीही हसत सुटलो.

पारबताबाई आत आल्या, लेकीला न्याहाळलं.
"काय वं पोरी, दोन घंट्यापासून बसली हायेस
अन् हे तं आमची हेमीच दिसून रायली.
पैसे गोरी कराचे ठरले होते ना?"

ठरले होते दीड हजार.
मिळाले नऊशे.
मागच्या दाराशी हेमीच्या आत्याने
चिन्नोर तांदळाची पिशवी हातात कोंबली
आणि मांडवाकडे निघून गेली.

परतीच्या बसमध्ये वही काढली.
तिकीट एकशे दहा. टिशू तीस.
कॉन्टूर संपली, पुढच्या वेळी दोन.
हातावरचे पट्टे बघून कंडक्टर म्हणाला,
पेंटरचं काम करता का बाई?
हो म्हटलं. सुटे पाच रुपये राहिले त्याच्याकडे.

वैनगंगेच्या पुलावर फोन वाजला.
मागे बँड, मध्ये कुणीतरी ओरडतंय, वाढा रे.
"ताई, हेमीच्या मांडवातूनच बोलतो मी.
माह्यं वीस तारखेला हाय.
मले गोरी करून देसान का?"

पुलावर नेहमी रेंज जाते. आज गेली नाही.
खाली रेतीत डांगरवाड्या,
कुणी तरी डब्याने एकेका वेलाला पाणी घालत होतं.
नऊशे रुपये ब्लाउजच्या आत ओले झाले होते.
एकवीसशे सांगावेत, असं मनात येऊन गेलं.

"आधी चेहरा पाहतो," मी म्हणाले,
"मग सांगतो."