पिवळा बर्फ

सांगली, वखारभाग. हळदीच्या गोदामावर
फिल्म सोसायटीचा हॉल. खुर्च्या चाळीस,
माणसं नऊ, त्यात दोघं सेक्रेटरींचे मेव्हणे.

पडदा कधीकाळी पांढरा होता.
आता परदेशातला बर्फ
आमच्याकडे पिवळट पडतो.

सबटायटल्स इंग्रजी, तीही खालून कापलेली.
शेवटच्या रांगेत धुळाप्पा बंडगर, हमाल,
पोतं टेकवावं तसं अंग टेकवून.
पंखा आहे म्हणून येतो, म्हणतो.

बाई कप विसळते. पुन्हा विसळते.
पाच मिनिटं नुसतं पाणी.
कुणीतरी घड्याळ बघतं.

"चालली ही," धुळाप्पा हळूच म्हणाला.
आम्हाला ते कळायला
अजून अर्धा तास होता.

नंतर चर्चा झाली, चहासकट.
तो थांबला नाही.
खाली ट्रक लागला होता.