इसार

घर दाखवताना मी आधी बोलत नाही.
किल्ली फिरवतो, बाजूला होतो,
माणूस पहिल्यांदा कुठं जातो ते बघतो.

निलंग्याकडचे सरळ मोरीत शिरतात,
नळ सोडून करंगळी धरतात धारेखाली.
"बोअर किती फुटांचं? मे महिन्यात कसं?"
मी आकडा सांगतो.
ते माझ्याकडं नाही, धारेकडंच बघत राहतात.

औशाच्या खालच्या अंगाचे, पन्नाशीपुढचे,
कॉलमवर बुक्की मारतात,
पायऱ्या मोजत उतरतात, एकवीस,
आणि खाली आल्यावर म्हणतात, वरचा मजला नको.
त्यांना मी कारण विचारत नाही.
त्र्याण्णव सालचं काय विचारायचं.

विकणाऱ्यांच्याही खोडी असतात.
ओल आली तिथं कॅलेंडर,
तेही मागच्या सालचं.
मालक छताकडं बघून म्हणतो, पन्नास.
मनात बेचाळीस.
आतून बायको भांडं आपटते,
म्हणजे पंचेचाळीस.

ट्यूशन एरियातला दोनशे तीन नंबर
मी चारदा विकलाय.
दोन वर्षांसाठी घेतात. आई डबा करायला येऊन राहते,
पोरगं डॉक्टरीच्या परीक्षेला बसतं,
निकाल लागला की फ्लॅट काढतात.
कपाटाच्या दाराला आतून मूलद्रव्यांचा तक्ता,
पहिल्या मालकानं चिकटवलेला. कुणी काढत नाही.
मन्मथअप्पा हालगेंनी त्याचेच दीड लाख जादा लावले:
"पोरीचा नंबर इथंच बसून लागला."
परळीच्या कंत्राटदारानं हूं का चूं न करता दिले.

यंदा मालक सोपानराव ढगे, गंगाखेडचे.
किल्ली टेबलावर ठेवली.
भाव तुम्ही म्हणाल तो, म्हणाले.
"फक्त पुढच्याला सांगू नका."
मागं त्यांची बायको
तक्त्याची उचकटलेली कड नखानं दाबत होती.
बसत नव्हती.

अहमदपूरच्या नर्गिसबानू आल्या, शिक्षिका,
सोबत पोरगी, पाठीला दप्तर तसंच.
मी वाक्य तयार ठेवलं होतं.
आधीच्यांचं काय झालं, हे सगळेच विचारतात.
बाईंनी नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं, चूळ भरली.
पोरीनं कपाट उघडलं.
"अम्मी, ह्यात शेवटची चार नावंच नाहीत. जुना आहे."
मग माझ्याकडं वळून,
"काढला तर चालेल?"

चारदा विकला,
हे कुणी विचारलं नव्हतं.
भिंतीवर उजेड किती येतो ते मी सांगू लागलो,
सांगायची गरज नव्हती, ऊन फरशीवर पडलेलं होतं.

इसार ठरला एक्कावन्न हजार एक.
वरचा रुपया बाईंच्या पर्समध्ये सापडेना.
मी माझ्या खिशातला दिला.
पावतीवर ते लिहिलं नाही.